मुक्त साधनांची शिदोरी

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम् शहराजवळ चोळपुरम् नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याचे नाव महाराष्ट्रीय श्रोत्यांच्या कानावर कदाचित आले नसेल. तो मुलूख मात्र आपल्याला परका नाही. व्यंकोजी राजांपासून पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे तेथे भोसल्यांचे राज्य नांदले, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी वाढविलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह आजही तंजावरात उभा आहे. कुंभकोणम्‌च्या दुसऱ्या बाजूस कावेरीकाठी स्वामीमलै हे क्षेत्र आहे. तेथील स्थपती पिढ्यानुपिढ्या मेणाच्या प्रतिमेवर मातीचा साचा घालून धातूच्या मूर्ती ओतीत आले आहेत. काम आरंभण्यापूर्वी स्थपती नारळीच्या पात्याची एक पट्टी नियोजित मूर्तीच्या उंचीइतकी कापतो आणि तिला घड्या घालून तिचे भाग पाडतो. मुख किती भागांचे, ग्रीवा किती भागांची, जानू किती भागांचे, हे शास्त्राने ठरवून दिलेले असते. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर असो, पट्टी बदलते, प्रमाण बदलत नाही.

आज जी हकीकत सांगावयाची आहे ती या मूर्तिकलेहून फार निराळी वाटेल. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोट्यवधी ट्रान्झिस्टर कोरून जी चिप तयार होते, तिचा आराखडा माणूस आता हाताने काढीत नाही. तो संगणकावरील आज्ञावलींच्या साहाय्याने काढतो. यांपैकी काही आज्ञावली मुक्त आहेत, म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी आणि वाटावी अशा परवान्याने दिलेली आहे. अशी साधने युनिक्सच्या कुळातील कार्यप्रणालींवर चालतील अशा रीतीने बांधून देणे, हे गेल्या तीस वर्षांतील एक मोठे परंतु फारसे न बोलले गेलेले काम होय. त्याला या क्षेत्रातील लोक ‘पॅकेज बांधणे’ म्हणतात. तयार चिपवर जे कवच चढवितात त्यालाही पॅकेजच म्हणतात, पण तो विषय वेगळा. आपण बोलतो आहोत ते प्रवासाला निघालेल्या माणसाला बांधून दिलेल्या शिदोरीसारख्या पॅकेजाविषयी. चोळपुरम्‌सारख्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःच्या संगणकावर चिपचा आराखडा काढता येईल की नाही, हे पुष्कळसे या शिदोरीवर अवलंबून आहे.

आरंभीच्या काळी अशी साधने नव्हतीच. १९७१ साली बाजारात आलेल्या ‘४००४’ या इंटेल कंपनीच्या प्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि त्याचा आराखडा माणसांनी हाताने रेखून, तांबड्या पातळ पटलावर कापून काढला होता. तथापि, काढलेले मंडल प्रत्यक्षात चालेल की नाही, हे तयार करण्यापूर्वी गणिताने पडताळून पाहण्याचे प्रयत्न त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात चालले होते. रोनाल्ड रोहरर या अध्यापकाच्या वर्गात विद्यार्थ्यांनी मिळून एक आज्ञावली लिहिली. त्या वर्गातील लॉरेन्स नेगल हा विद्यार्थी पुढे डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली काम करू लागला. पेडरसन यांचा आग्रह असा, की जुन्या आज्ञावलीवरील बंधने सुटतील इतकी ती नव्याने लिहावी आणि सर्वांना खुली करावी. त्यातून ‘स्पाइस’ जन्मली. १९७३ साली कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत ती प्रथम मांडली गेली, आणि १९७५ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली.

बर्कलेहून स्पाइसच्या फिती जगभर गेल्या. ज्याला हवी त्याने नाममात्र खर्च देऊन फीत मागवावी, आपल्या संगणकावर चढवावी, आणि दोष सापडला तर कळवावा, अशी ती रीत होती. यात मनाचा मोठेपणा होता, तशी एक अडचणही होती. स्पाइस ज्या ‘सीडीसी ६४००’ यंत्रावर वाढली त्याचा शब्द साठ बिटांचा. इतर पुष्कळ यंत्रांचा शब्द त्याहून लहान. तीच संहिता दुसऱ्या यंत्रावर नेली की आकडेमोडीतील सूक्ष्मता घटे, आणि ती पुन्हा मिळविण्यासाठी संहितेत जागोजागी हात घालावा लागे. ज्या संस्थेत असा हात घालणारा जाणकार असे, तेथे फीत उपयोगी पडे. जेथे नसे, तेथे ती कपाटात राही. संहिता मुक्त असणे आणि साधन हाती असणे यांत अंतर आहे, ही गोष्ट या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणातच दिसून येते.

दुसरे प्रकरण १९८० च्या आगेमागे घडले. कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात चिपच्या आराखड्याचे नियम एका एककाच्या पटीत मांडले. या एककाला त्यांनी ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर दिले. तार इतक्या लॅम्डा रुंद असावी, दोन तारांत इतक्या लॅम्डाचे अंतर असावे. कारखान्याची सूक्ष्मता वाढली की लॅम्डाचे मूल्य बदलावे, प्रमाणे तीच ठेवावीत. स्वामीमलैच्या स्थपतीची नारळीची पट्टी ती हीच! या सोप्या नियमांमुळे विद्युत्‌शास्त्राचा सामान्य विद्यार्थीही चिपचा आराखडा काढू लागला. १९८१ साली अमेरिकेत ‘मोसिस’ ही व्यवस्था सुरू झाली आणि अनेकांचे आराखडे एकाच सिलिकॉनच्या चकतीवर छापून खर्च वाटून घेता येऊ लागला. बर्कलेतच जॉन औस्टरहौट आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १९८३ च्या सुमारास ‘मॅजिक’ ही आज्ञावली तयार केली. पडद्यावर आराखडा रेखीत असतानाच नियमभंग कोठे झाला हे ती दाखवी. ज्या बर्कलेत मॅजिक घडली, त्याच बर्कलेत युनिक्सची ‘बीएसडी’ ही शाखा वाढत होती. कार्यप्रणाली आणि चिपची साधने ही एका अर्थाने एकाच घरातील भावंडे होत.

यानंतर मात्र वारे पालटले. आराखड्याची साधने हाच मोठा व्यवसाय झाला. सुहास पाटील यांचे उदाहरण येथे बोलके आहे. जमशेदपूर येथे जन्मलेले, खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये शिकलेले पाटील युटा विद्यापीठात असताना त्यांनी तर्कमंडलाचा आराखडा एका जाळीवर पद्धतशीर बसविण्याची रीत विकसित केली. १९८१ साली त्यांनी काढलेली कंपनी पुढे ‘सिरस लॉजिक’ या नावाने प्रसिद्धीस आली, आणि ही रीत तिचे भांडवल ठरली. आराखड्याचे साधन ज्याच्या हाती, त्याच्या हाती चिपचा धंदा, हे सूत्र त्या काळी सर्वांना उमगले होते. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने बंगळूर येथे जे केंद्र उघडले, त्याचे आरंभीचे कामही चिपच्या आराखड्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचेच होते. ही साधने भारतीय अभियंते लिहीत होते. त्यांची मालकी आणि परवाने मात्र परदेशी होते, आणि आपल्या महाविद्यालयांना ते परवडत नसत.

मुक्त साधने या काळात नाहीशी झाली नाहीत. पण ती विखुरली. स्पाइसची तिसरी आवृत्ती ‘सी’ भाषेत लिहिली गेली. पॅरिसच्या विद्यापीठात ‘अलायन्स’ हा आराखडा-साधनांचा संच १९९० च्या सुमारास बाहेर पडला. १९९२ साली फ्रान्समध्येच ज्याँ-पिएर शारास यांनी ‘की-कॅड’ला आरंभ केला, आणि १९९८ साली ‘जीईडीए’ हा प्रकल्प सुरू झाला. यांपैकी प्रत्येकाची बसविण्याची रीत वेगळी. एकाला अमुक आलेखन-संग्रह हवा, दुसऱ्याला त्याच संग्रहाची जुनी आवृत्ती हवी, तिसरा आपल्या फायली भलत्याच ठिकाणी ठेवणार. कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास याची कल्पना पटकन येईल. टिपणी उत्तम आहे, पण तिच्यातील ‘सहपत्र क्रमांक तीन’ जोडलेलेच नाही. अशा टिपणीवर निर्णय होत नाही. आज्ञावलीचेही तसेच आहे.

ही सहपत्रे जोडून देण्याची पद्धत १९९३ नंतर बसली. त्या वर्षी फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी हे बर्कलेच्या संहितेवर आधारलेले दोन प्रकल्प सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक यांनी लिनक्सवर आधारलेल्या ‘डेबियन’ची घोषणा केली. फ्रीबीएसडीने १९९४ साली ‘पोर्ट्स’ नावाचा संग्रह उघडला. १९९७ साली त्याच कल्पनेवरून नेटबीएसडीचा संग्रह निघाला. या संग्रहात मुळात आज्ञावली नसतेच. प्रत्येक आज्ञावलीची कृती असते. मूळ संहिता कोठून आणावी, आणलेली प्रत अस्सल आहे हे कोणत्या संख्येवरून ताडावे, ती आपल्या यंत्रावर चालण्यासाठी कोठे कोणती ठिगळे लावावीत, तिच्याआधी दुसरे काय काय बसलेले असावे, आणि तिचा परवाना कोणता, एवढ्या गोष्टी त्या कृतीत लिहिलेल्या असतात. दोन्ही संग्रहांत मंडल व चिप यांच्या साधनांसाठी एक स्वतंत्र कप्पा आहे. मॅजिक, स्पाइसचे वंशज, हार्डवेअर-वर्णनाच्या ‘व्हेरिलॉग’ भाषेचे अनुवादक, तरंग दाखविणारी साधने, अशी मंडळी तेथे शेजारी शेजारी नांदू लागली. एक आज्ञा द्यावी आणि सारी मालिका क्रमाने येऊन बसावी, ही सोय प्रथमच झाली.

हे काम करणारा मनुष्य बहुधा त्या साधनाचा कर्ता नसतो. तो संहिता वाचतो आणि तिच्यातील मूक गृहीतके शोधून काढतो. जुन्या ‘सी’ संहितेत पत्ता आणि पूर्णांक यांची लांबी सारखीच असते असे पुष्कळदा धरून चाललेले असे. चौसष्ट बिटांची यंत्रे आल्यावर ते गृहीतक कोसळले. अशा जागा हुडकून दुरुस्ती करावी, ती मूळ कर्त्याकडे पाठवावी, आणि त्याने ती स्वीकारीपर्यंत आपल्या संग्रहात ठिगळ म्हणून सांभाळावी, असा हा उद्योग. नाव कर्त्याचे होते. साधन जिवंत राहते ते याच्यामुळे.

परवान्याची तपासणी हा या कामाचा दुसरा आणि कधीकधी अधिक कठीण भाग. स्पाइसचीच कथा पाहा. तिसऱ्या आवृत्तीच्या आधारे इटलीतील पाओलो नेन्झी यांनी १९९९ च्या सुमारास ‘एनजीस्पाइस’चे काम हाती घेतले. बर्कलेच्या जुन्या परवान्यातील शब्द असे होते, की शिक्षण, संशोधन आणि ना-नफा कामासाठी ही आज्ञावली वापरावी. वाचताना हे शब्द उदार वाटतात. परंतु डेबियनने १९९७ साली मुक्ततेची जी कसोटी ठरविली, तिच्यात कोणत्याही कामाच्या क्षेत्राविरुद्ध भेद करता येत नाही. लहान कारखानदारालाही तोच हक्क हवा. म्हणून अनेक वर्षे डेबियनने एनजीस्पाइस ‘अमुक्त’ विभागात ठेवली. जुन्या अटी दूर झाल्यावरच ती मुख्य संग्रहात आली. हा कर्मठपणा काहींना अनाठायी वाटला. पण आज की-कॅडसारखे साधन एनजीस्पाइसला निःशंकपणे आपल्या पोटात घेऊ शकते, ते त्या काटेकोर तपासणीमुळेच.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयाची एक परंपराच आहे. तेथील प्राध्यापक महेश पाटील यांनी ‘सिक्वेल’ नावाची मंडल-सदृशीकरणाची आज्ञावली विकसित करून सर्वांना उपलब्ध केली. प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली ‘अजित’ हा प्रक्रियक पुढे आणला; त्याच्या आराखड्यासाठी लागणारी महत्त्वाची साधने त्यांनी संस्थेतच घडविली होती, आणि चिप मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेने तयार झाली. आपल्या विषयाशी सर्वांत जवळची गोष्ट मात्र ‘फॉसी’ या प्रकल्पाची. केंद्र शासनाच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून चाललेल्या या प्रकल्पात प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली मंडलाच्या आराखड्याचे एक मुक्त साधन आकारास आले. आरंभी त्याचे नाव ‘ऑस्कॅड’ होते. पुढे ते ‘ई-सिम’ झाले.

ई-सिम ही एकच आज्ञावली नव्हे. मंडल रेखण्यासाठी की-कॅड, त्याचे वर्तन ताडण्यासाठी एनजीस्पाइस, अंकीय भागांच्या वर्णनासाठी जीएचडीएल आणि व्हेरिलेटर, अशी ठिकठिकाणची साधने एका सूत्रात ओवून, त्यांच्यामधील भाषांतराचा सांधा पवईच्या मंडळींनी स्वतः घडविला आहे. महाविद्यालयाला फार मोठ्या किमतीचा परवाना न घेता विद्यार्थ्याकडून मंडलाचा अभ्यास करवून घेता येतो, हा त्याचा मोठा लाभ. त्याच्या जोडीला भारतीय भाषांतून ध्वनिचित्रपाठही निघाले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ई-सिम बसविण्यासाठी उबुंटूच्या ठरावीक आवृत्त्यांना जुळणारी एक पत्रिका सोबत दिलेली असते. उबुंटूची नवी आवृत्ती आली, की कोठला तरी संग्रह पुढे सरकतो, कोठली तरी जुनी वाट बंद होते, आणि ती पत्रिका पुन्हा तपासून दुरुस्त करावी लागते. साधन जितक्या अधिक साधनांवर उभे, तितकी ही निगा अधिक. ‘फेडोरा’ या लिनक्सच्या शाखेने २००७ च्या सुमारास ‘इलेक्ट्रॉनिक लॅब’ या नावाने अशाच साधनांचा तयार संच काढला होता. भारतीय स्वयंसेवकांनी त्याची पॅकेजे बांधली, महाविद्यालयांत कार्यशाळाही घेतल्या. तेथेही संच काढण्याच्या श्रमापेक्षा तो वर्षानुवर्षे ताजा ठेवण्याचे श्रमच मोठे होते.

इतके होऊनही एक दार बंदच होते. आराखडा काढण्याची साधने मुक्त झाली. पण ज्या कारखान्यात चिप छापावयाची, त्याचे नियम गुप्त राहिले. लॅम्डाच्या सोप्या सूत्रांचा काळ मागे पडला होता. प्रत्येक कारखान्याची स्वतःची तपशीलवार नियमावली असे, आणि गुप्ततेच्या करारावर सही केल्याविना ती हाती येत नसे. जणू स्थपतीच्या हाती हत्यारे आहेत, पण तालमानाची पोथी कुलपात आहे! हे कुलूप २०२० साली उघडले. अमेरिकेतील स्कायवॉटर कंपनीने गूगलच्या साहाय्याने आपल्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेची नियमावली मुक्त केली. तर्कवर्णनापासून द्वारमंडल काढणारी ‘योसिस’ आणि त्यापासून प्रत्यक्ष आराखडा मांडणारी, २०१८ साली सुरू झालेली ‘ओपनरोड’, ही साधने तोपर्यंत सिद्ध झालेली होती. सदतीस वर्षांपूर्वीची मॅजिकही पुन्हा कामाला लागली, कारण टिम एडवर्ड्स आणि इतर जतनकर्त्यांनी ती मरू दिली नव्हती. ई-सिममध्येही स्कायवॉटरची नियमावली जोडली गेली. पहिल्या ओळीपासून कारखान्याच्या दारापर्यंतची वाट अशी अखंड मुक्त झाली.

या वाटेची परीक्षाही लवकरच झाली. मुक्त आराखडे गोळा करून कारखान्यात छापवून देणारी ‘ईफॅबलेस’ ही अमेरिकन कंपनी २०२५ साली बंद पडली, आणि कित्येकांचे आराखडे अधांतरी राहिले. साधने खासगी असती तर कंपनीबरोबर ती विद्याही गेली असती. पण संहिता, नियमावली आणि पॅकेजे सर्वांच्या हाती होती. म्हणून इतरांनी काम उचलले, आणि जर्मनीतील ‘आयएचपी’ या संस्थेच्या मुक्त नियमावलीकडे काही मंडळी वळली.

मुक्त साधनांनी सर्व काही साधते असे मात्र कोणी समजू नये. अत्यंत सूक्ष्म प्रक्रियांवरील आधुनिक चिपसाठी आजही व्यावसायिक साधनांवाचून गत्यंतर नाही. केंद्र शासनाने २०२१ साली सेमिकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिप-आराखड्याचे ८५,००० अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि महाविद्यालयांना व्यावसायिक साधने सार्वजनिक खर्चाने मिळावीत अशी सोय केली. हे योग्यच झाले. परंतु भाड्याच्या घराला भाडेकरूने खोली जोडावयाची नसते. परवान्याने मिळालेले साधन विद्यार्थी वापरील. ते आतून कसे चालते हे तो पाहू शकणार नाही, आणि शिक्षण संपून महाविद्यालयाबाहेर पडताच ते त्याच्या हातून जाईल. मुक्त साधन त्याच्याबरोबर घरी येते; मग ते घर पुण्यात असो, नांदेडात असो वा चोळपुरम्‌ला असो.

ते घरी येते, ते कोणीतरी शिदोरी बांधून दिली म्हणून. आणि येथेच आपल्या व्यवस्थेचा एक जुना दोष आड येतो. नव्या तलावास मंजुरी मिळते, त्याचे उद्घाटनही होते. गाळ काढण्याच्या बाबीखाली मात्र पैसा नसतो. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांचेही तेच. नवे साधन घडविण्यास अनुदान मिळते, ते प्रत्येक नव्या कार्यप्रणालीवर चालते ठेवणाऱ्या माणसासाठी पद नसते. ई-सिम, अजितची साधने, सिक्वेल, ही आपल्या सार्वजनिक संस्थांत घडलेली संपत्ती आहे. त्यांची पॅकेजे डेबियनच्या किंवा बीएसडीच्या मुख्य संग्रहांच्या कसोटीस उतरतील अशी बांधणे आणि तशीच राखणे, यासाठी प्रत्येक संस्थेत दोन-चार जाणत्या माणसांची कायम नेमणूक पुरेल. चिपच्या एका कारखान्याच्या खर्चापुढे तो आकडा नजरेत भरण्याजोगाही नाही. कालव्याची निगा आपण सार्वजनिक काम मानतो. ही निगाही त्याच सदरात धरावयास हवी.